आसन सोडते नि आलेच!

योगासनांच्या पुस्तकातली बाई नेहमी एकटी असते. मागे समुद्र नाहीतर हिरवळ, अंगावर पांढरेशुभ्र कपडे, चेहऱ्यावर कुणाचं काही देणं नसल्याचा भाव. तिच्या मागे दोरीवर टॉवेल वाळत नसतात. ‘आई, माझा दुसरा मोजा?’ असं विचारणारा मुलगा तिला नसतो. आणि ‘अगं, दूध उतू जातंय बघ’ ही बातमी सोफ्यावरून न उठता देणारा नवरा तर नाहीच नाही. मला वाटतं, ही सगळी मंडळी फोटोग्राफरच्या मागे दबा धरून उभी असणार. फोटो निघाला रे निघाला की तिच्यावर तुटून पडायला.

आमच्या वहिनींचा फोटो काढायचा तर या सगळ्यांसकटच काढावा लागेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मुक्काम कोथरूड, नोकरी सहकारी बँकेत. घरात सासू, म्हणजे आमची आई. नवरा, म्हणजे आमचा दादा. लग्नाला आलेली मनी आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला सोन्या. शिवाय योगासनं. योगासनं हा त्या घरातला सगळ्यात समजूतदार मेंबर. सगळ्यांचं सगळं झाल्यावर जे उरेल ते त्याच्या वाट्याला येतं, आणि आजवर त्याची तक्रार नाही. मी पलीकडच्या गल्लीत राहतो आणि रोज सकाळी पेपर वाचायला त्यांच्याकडे जातो. पेपर माझ्याकडेही येतो, पण तिथे बरोबर चहा येतो.

वहिनींचा दिवस पावणेपाचच्या गजरानं सुरू होतो. घर झोपलेलं असताना तासभर आपला, हा त्यांचा हिशेब. बँकेतल्या बाईचा हिशेब चुकत नाही, पण त्या घराला एक खोड आहे. मिक्सर लावा, भांडी आदळा, रेडिओ लावा. कुणी कूस बदलणार नाही. मॅट उलगडल्याचा ‘सर्र’ आवाज झाला की मात्र सगळे खडबडून जागे होतात. पहिली आई. “उठलीच आहेस तर चहाचं आधण ठेव गं.” मग आतून दादा. “उठलीच आहेस तर गीझर लाव.” मग सोन्या, डोळे न उघडता, “उठलीच आहेस तर मला सहाला उठव ना.” पहाटे उठलेल्या बाईला इतर कामं नसणार, यावर घराचं एकमत आहे.

या सगळ्यांना वहिनींचं उत्तर एकच. “आसन सोडते नि आलेच.”

हे वाक्य मी त्यांना दोन पायांवर म्हणताना ऐकलंय, एका पायावर ऐकलंय आणि डोक्यावर उभं राहूनही ऐकलंय. डोक्यावर असताना ते जरा घोगरं येतं, इतकाच फरक. पण त्या अय्यंगार पद्धतीच्या विद्यार्थिनी. आसन असं पटकन टाकून पळायचं नाही, ज्या क्रमानं चढलो त्याच्या उलट क्रमानं उतरायचं. त्यात शीर्षासन केलं की पुढे सर्वांगासन करायचंच, असा नियम. शीर्षासन होतं आणि दाराची बेल वाजते. मग सर्वांगासन राहतं ते राहतंच. वहिनी ते सोडून देत नाहीत, येणं म्हणून मांडून ठेवतात. संध्याकाळी बँकेतून आल्या की पर्स खुंटीला अडकवता अडकवता म्हणतात, “भाऊजी, बसा तुम्ही. माझं सकाळचं एक सर्वांगासन बाकी आहे.” कुणाला हप्ता थकवू न देणारी बाई स्वतः तरी कसा थकवेल?

पुण्यात राहून पाठ दुखली की माणूस योगगुरू अय्यंगारांपाशी पोचतोच, तशा सोन्याच्या वेळच्या पाठदुखीनं वहिनी पोचल्या. लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षयानं पोखरलेले अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी आसनं शिकवायला आले आणि कायमचे पुण्याचे झाले. १९६६ साली त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ आलं आणि १९७५ साली मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली. पण वहिनींना यातलं कशाचंच अप्रूप नाही. त्यांच्या दृष्टीनं अय्यंगारांच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ते संसारी होते. बायको रमामणी, पाच मुली आणि एक मुलगा.

“सहा मुलं होती गुरुजींना,” वहिनी दादाला ऐकवतात. “हिमालयात नाही गेले ते.”

“ते ठीक आहे,” दादा पेपरामागून म्हणाला, “पण सहा मुलांचे डबे कोण भरत होतं?”

“म्हणून तर संस्थेला रमामणीबाईंचं नाव आहे.”

दादा पेपराच्या आतल्या पानावर गेला.

‘लाइट ऑन योगा’ या पुस्तकाच्या शेवटी एक अभ्यासक्रम दिलेला आहे. कुठल्या आठवड्यात कोणती आसनं करायची याचा क्रम. एकूण ३०० आठवडे. म्हणजे पावणेसहा वर्षांत माणूस पार तयार. मनी चौथीत असताना वहिनींनी त्यात पेन्सिलीनं खूण केली. मनीची दहावी झाली, बारावी झाली, पदवी झाली, नोकरी लागली. पेन्सिलीची खूण पहिल्या ३० आठवड्यांच्या भागातून बाहेर पडलेली नाही. कधी पुढे सरकते, मग दिवाळी येते, सोन्याची परीक्षा येते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन येतं, मार्चअखेर येते, आणि खूण मागे येते. खोडून खोडून त्या पानाला आता भोक पडायला आलंय. वहिनींना त्याचं काही नाही. “पाया पक्का होतोय,” म्हणतात.

मुलं लहान होती तेव्हा तर मजाच होती. वहिनी अधोमुख श्वानासनात गेल्या, म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर, की घरात बोगदा तयार व्हायचा. त्यातून सोन्याची आगगाडी जायची. गाडी मध्येच बंद पडायची. “आई, सिग्नल नाहीये,” म्हणून तो खाली ठिय्या देऊन बसायचा आणि वहिनी वर थरथरत हिरव्या सिग्नलची वाट बघायच्या. त्यांचे खांदे आज जे इतके मजबूत आहेत ते मध्य रेल्वेमुळे.

त्रिकोणासनात किती वेळ राहायचं, हे पुस्तकात सांगितलेलं आहे, पण वहिनींचं घड्याळ कुकर. उजव्या बाजूला दोन शिट्ट्या, डाव्या बाजूला दोन शिट्ट्या; आसन पण झालं, वरण पण झालं. घोळ असा की पहिली शिट्टी यायला वेळ लागतो आणि पुढच्या भराभर येतात. त्यामुळे उजवी बाजू खूपच ताणली जाते आणि डावीवर अन्याय होतो. ही तक्रार त्यांनी वर्गातल्या बाईंकडे नेली. बाईंनी सुचवलं, डावीकडून सुरुवात करा. हा तोडगा वहिनींनी आठवडाभर पाळला, मग कुकरची रिंग बदलायला झाली आणि शिट्टीच होईना.

आसनं करताना स्वतःला मोठ्यानं सूचना द्यायची त्यांना सवय आहे. “टाचा दाबा! छाती उघडा! वाट्या वर!” वाट्या म्हणजे गुडघ्याच्या. स्वयंपाकघरातून कामाच्या मावशी ओरडतात, “वरच ठेवल्यात, ताई!”

अय्यंगार पद्धतीत साधनांना फार मान. पट्टे, ठोकळे, लोड, दोऱ्या, खुर्च्या. ज्याचं शरीर वळत नाही त्यानं साधनाच्या आधारानं वळावं, ही अय्यंगारांची मोठीच देणगी. वहिनींनी ती मनावर घेतली आणि त्या घरातली प्रत्येक वस्तू दुहेरी नोकरी करू लागली. दादाच्या टायनं पाय बांधले जातात. दादानं हौसेनं आणलेले विश्वकोशाचे दोन खंड ठोकळे म्हणून हाताखाली असतात. त्यांना घरात दुसरं कुणी हात लावत नाही, हे दादालाही मान्य आहे. सोलापुरी चादरींचं तर विचारूच नका. चार चादरी, प्रत्येकीची घडी काटेकोर, गुळगुळीत कडा सगळ्या एका रेषेत मानेच्या बाजूला, झालरी पलीकडे. त्यावर खांदे टेकून सर्वांगासन. पाहुणा मुक्कामाला आला आणि त्यातली एक चादर त्याला पांघरायला गेली तर वहिनींचा चेहरा बघावा. पाहुण्यानं सकाळी ती कशीही चुरगाळून ठेवली तर तो वहिनींच्या मनातून कायमचा उतरला म्हणून समजा.

नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर दोन टाचांचे दोन गोल डाग आहेत. विपरीत करणीचे. भिंतीला पाय लावून उताणं पडायचं. दादानं त्या डागांवर गणपतीचं कॅलेंडर लावलं. वहिनी चवड्यानं ते बाजूला सरकवतात, गणपतीला नमस्कार करतात, आणि पाय लावतात.

पण या सगळ्या साधनांत खुर्ची ती खुर्ची. साधी घडीची लोखंडी खुर्ची, पण पाठीचा पत्रा काढून टाकलेली. वरचा दांडा राहतो, मध्ये पोकळी. त्या पोकळीतून पाय पलीकडे घालून उलटं बसायचं आणि मग पाठ आसनपट्टीवर टाकून डोकं खाली सोडायचं. वहिनी नवी कोरी खुर्ची घेऊन कर्वे रस्त्याजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेल्या. तो बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिला. “बाई, लोक तुटलेली पाठ लावून घ्यायला येतात. तुम्ही धडधाकट पाठ कापायला आणलीत?”

या खुर्चीवरून उलट्या लटकलेल्या असताना वहिनी घर चालवतात, आणि ते बघण्यासारखं असतं. चेहरा लाल, केस जमिनीला लागलेले, आणि स्वयंपाकघरात मनी फोडणी करत असलेली.

“आई, हिंग कुठाय?”

“उजवीकडच्या फडताळात.”

“नाहीये.”

“अगं, तुझ्या उजवीकडे. माझ्या नव्हे. वरच्या... थांब, खालच्या कप्प्यात. निळं झाकण.”

“मोहरी जळतेय!”

“श्वास सोड आणि गॅस बारीक कर.”

‘श्वास सोड’ हे त्यांचं सगळ्या प्रसंगांचं औषध. रिक्षावाला नाही म्हणाला, श्वास सोडा. बँकेत सर्व्हर बंद पडला आणि काउंटरवर रांग भडकली, “काका, आधी श्वास सोडा.” काकांनी श्वासाबरोबर बरंच काही सोडलं म्हणतात, पण वहिनी ढळल्या नाहीत.

मध्यंतरी त्यांनी ‘हठप्रदीपिके’चं भाषांतर आणलं आणि जेवताना आम्हाला वाचून दाखवलं. हठयोग्यानं राहायचं कुठे? तर चांगल्या राज्यात, उपद्रव नसलेल्या ठिकाणी, एकांतात, एका छोट्या मठीत. दार लहान, खिडकी नको, भोकं-बिळं नकोत, किडामुंगी नको. आणि आसपास धनुष्यभर अंतरात दगड, विस्तव आणि पाणी नको. वाचून झाल्यावर वहिनींनी घरावर नजर फिरवली. मॅटच्या एका हाताला गॅसची शेगडी, दुसऱ्या हाताला वॉशिंग मशीन. उपद्रव चौघे, जेवायला बसलेले. मी धरून पाच.

पतंजलींवरही त्यांचा एक आक्षेप आहे. योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितलेत. व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे. “नऊच्या नऊ आतले,” वहिनी म्हणतात. “बेल नाही त्यात. पतंजलींकडे कुरिअर येत नसणार.”

मठी मात्र त्यांनी शोधलीच. खाली पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीत. बँकेतून आल्यावर वर न जाता काचा किंचित उघड्या ठेवून दहा मिनिटं प्राणायाम. दार लहान, एकांत, किडामुंगी नाही, सगळं पोथीबरहुकूम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉचमननं बघितलं: म्याडम गाडीत डोळे मिटून नाक दाबून बसल्यात. तो वाळूची बादली घेऊन धावत आला. “म्याडम, बाहेर या! सीएनजी लीक आहे का?” दोन दिवसांत आख्ख्या इमारतीत झालं की वहिनी घरी जायचं टाळतात, नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर आईला हळूच विचारून गेल्या. आई म्हणाली, “बिनसायला वेळ कुठाय दोघांना?”

आईचं या सगळ्यावर स्वतःचं मत आहे. तिचे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे असे भक्त, की शाळाशाळांतून त्यांनी ते सक्तीचे केले. त्यामुळे आईच्या लेखी व्यायाम एकच, आणि तो घाम निघेपर्यंत घालायचा. “आमचे अण्णा सत्तरीपर्यंत नमस्कार घालत. खुर्चीवर लोळत नसत,” असं ती माझ्याकडे बघत म्हणते, ऐकू वहिनींना जावं अशा आवाजात. शवासनावर तर तिचा विशेष राग. भरल्या घरात, तिन्हीसांजेला, असलं अभद्र नाव! तिनं वहिनींना बजावलं, “काय हवं ते कर, पण ‘पडते’ म्हण.” तेव्हापासून त्या घरात शवासन होत नाही, वहिनी ‘पडतात’. त्या पडल्या की आई हलक्या पावलांनी येते, अंगावर शाल टाकते, पंखा एकनं कमी करते, आणि दारात खुर्ची टाकून बसते. मग बेलवाला कुणीही असो, आई त्याला बोटानंच परतवते. माझ्या माहितीप्रमाणे वहिनींच्या दिवसातली पूर्ण होणारी हीच काय ती सात-आठ मिनिटं.

आता योग दिनाचं सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघानं २०१४ च्या डिसेंबरात ठराव केला आणि २०१५ पासून २१ जूनला जगभर योग दिन सुरू झाला. ठराव झाला न्यूयॉर्कला, फटका बसला कोथरूडात. सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम ठरला. दादा, ज्यानं वर्षभरात वाकून बुटाची लेस बांधली नव्हती, पांढरा टी-शर्ट घालून पहिल्या रांगेत. त्याचं वृक्षासन पडतं न पडतं तोच कुणीतरी फोटो काढला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या नातेवाइकांत फिरला, आणि नागपूरच्या मावशीनं दादाला ‘घरात योगाची परंपरा राखल्याबद्दल’ आशीर्वाद कळवला. वहिनी कुठे होत्या? खाली स्वयंपाकघरात. सत्तर माणसांची साबुदाण्याची खिचडी मोकळी करत होत्या. मी खाली जाऊन म्हटलं, “वहिनी, निदान आज तरी...” त्या झारा हलवत म्हणाल्या, “भाऊजी, मी ताडासनातच आहे. दाण्याचं कूट द्या इकडे.”

आणि मनीला बघायला आले तो रविवार. हल्ली ‘बघायला’ म्हणत नाहीत, ‘दोन्ही घरांची भेट’ म्हणतात. पण पोहे तेच. मुलगा, आई, आत्या, काका आणि वडील. वडील निवृत्त इंजिनिअर, भारदस्त, पाठ ताठ. वहिनी स्वयंपाकघरात, बैठकीत एक खुर्ची कमी. सोन्या आतून चटकन एक घेऊन आला. कुठली, ते सांगायला नकोच.

मुलाचे वडील तिच्यावर बराच वेळ रीतसर पुढे सरकून बसले होते. पोह्यांची बशी हातात, बोलणं पत्रिकेवरून पॅकेजवर आलेलं. “आमचं काही म्हणणं नाही,” ते ऐसपैस होत म्हणाले आणि मागे टेकले. मागे काही नव्हतं. वरचा दांडा खांद्याच्या फऱ्यांत अडकला, पाठ पोकळीतून मागे गेली, पाय पुढे घसरले, आणि पोहे दादाच्या झब्ब्यावर गेले. मुलाची आई किंचाळली. आत्या उठल्या. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन वहिनी आल्या. दुसरी कुणी बाई असती तर ट्रे टाकून ‘अगं बाई’ म्हणाली असती. वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या,

“कुणी हात लावू नका! हलू नका तुम्ही. श्वास सोडा. सोडा! आता छाती उघडू द्या. मान सैल. टाचा दाबा.”

गृहस्थांनी टाचा दाबल्या. पाठीतून ‘कट्’ असा आवाज आला. बैठकीत कुणी हूं का चूं करेना. मग ते तसेच लटकत, छताकडे बघत म्हणाले, “अहो, बारा वर्षं दुखत होतं तिथेच मोकळं झालं. अजून जरा राहिलं तर चालेल का?”

“दोन मिनिटं,” वहिनी म्हणाल्या. “चहा झाकून ठेवते.”

स्थळ जुळलं नाही. मुलाचं बंगळुरूला आधीच कुठेतरी ठरलेलं होतं आणि हे घरच्यांना सांगायला त्यानं ही भेट होईपर्यंत वाट पाहिली, असं नंतर कळलं. मनीनं सुटकेचा श्वास सोडला, तोही नीट, सावकाश. पुढच्याच रविवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दारात तेच इंजिनिअर, खाली स्कूटरला बांधलेली घडीची खुर्ची. त्यांना फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता हवा होता. आता ते दर रविवारी येतात, विश्वकोशाचा एक खंड त्यांना दिलेला आहे, चादरीची घडीही कडेला कड लावून घालतात, आणि वहिनींना त्याबद्दल फार आदर आहे. दादा त्यांच्याशी धड बोलत नाही.

आई दारातल्या खुर्चीवरून सगळं बघत असते. परवा मला जवळ बोलावून म्हणाली, “बघ रे. पोहे घातले मुलाला, चिकटला बाप.”